माउंट रोड: कापडाच्या गावातला चैनीचा रस्ता

मद्रासच्या माउंट रोडवर १८७९ साली एक देखणी इमारत उभी राहिली. पेढी पी. ऑर अँड सन्स यांची, धंदा घड्याळांचा आणि दागिन्यांचा. वास्तुकार होते रॉबर्ट चिझम. मेजर चार्ल्स मँट गेल्यावर सयाजीरावांचा बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा याच चिझम यांनी पुरा केला. ऑर यांच्या मनोऱ्यावर चारी दिशांना तोंड करून चार तबकड्या बसवल्या होत्या, आणि त्या घड्याळाला वेळ मिळायची ती थेट मद्रासच्या सरकारी वेधशाळेतून.

यात आपल्या मुलखाचा काय संबंध? बराच आहे. याच वेधशाळेची वेळ १८७० पासून हिंदुस्थानातल्या आगगाड्यांची वेळ ठरली होती. पुणे स्टेशनावरून किंवा सोलापूरहून सुटणारी गाडी मद्रासच्या वेळेने सुटायची. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा साधारण अर्धा तास मागे. त्यामुळे स्टेशनातलं घड्याळ एक सांगायचं आणि गावातलं दुसरं. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे तेच) सगळ्या मुंबईवर मद्रासची वेळ लावायचा हुकूम काढला. मुंबईकर असे काही खवळले की दोनेक वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. ज्या वेळेवरून इकडे एवढी भांडणं झाली ती तिकडे एका श्रीमंती बाजारपेठेत, दागिन्यांच्या दुकानाच्या माथ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट वाचायला मिळत होती. बग्गीतून उतरणारे साहेब आणि मेमसाहेब खिशातलं घड्याळ तिथे जुळवून घेत आणि मग आत जात.

आत काय मिळायचं, हे तर त्या घड्याळापेक्षाही नवलाचं आहे. लंडनहून आलेली घड्याळं आणि हिरे होतेच. पण ऑर यांच्या पेढीचं नाव साता समुद्रापार गेलं ते ‘स्वामी’ कामामुळे. चांदीची चहाची किटली, दूधदाणी, ट्रे, सोन्याची काकणं, हार, आणि त्यांवर उठावात काढलेले देव. नटराज, मोरावरचा मुरुगन, गरुडावरचा विष्णू, नंदीवरचा शिव. गोपुरांवर असतात तसे दाटीवाटीने, एकही बोट रिकामी जागा न सोडता. १८७५ च्या डिसेंबरात युवराज एडवर्ड मद्रासला आला आणि त्या दौऱ्यानंतर विलायतेत या कामाची अशी काही चलती झाली की चहाच्या टेबलावर स्वामी चांदी असणं ही प्रतिष्ठेची बाब झाली.

हे काम होतं कसं, ते बारकाईने पाहण्याजोगं आहे. चांदीचा पातळ पत्रा घ्यायचा आणि तो राळेच्या मऊ थरावर उपडा बसवायचा. राळ गरम केली की मऊ पडते, निवली की घट्ट होते; पत्र्याला आधारही देते आणि ठोका बसला की हवी तेवढीच दबते. मागच्या बाजूने बोथट पंचाने ठोकून आधी देवाचं पोट, मांड्या, मुकुट असे मोठे उंचवटे काढायचे. मग राळ तापवून पत्रा सोडवायचा, उलटवायचा, पुन्हा राळेवर बसवायचा आणि पुढून बारीक छिन्न्यांनी डोळे, बोटं, दागिने, वस्त्राच्या चुण्या उमटवायच्या. ठोकून ठोकून चांदी कडक होते, तडकायला बघते. म्हणून मधूनमधून ती आगीत तापवून पुन्हा नरम करायची. एका वीतभर पट्टीवर असे शेकडो ठोके पडतात आणि त्यातला एक जरी जास्त बसला तरी पत्र्याला भोक. दुकानाच्या पाटीवर स्कॉटिश घराण्याचं नाव होतं. छिन्नी मात्र देवळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आलेल्या हातांत होती. इंग्रज घरातली बाई ज्या किटलीतून चहा ओतत होती, तिच्या पोटावर तमिळ कारागिराने आपलं अख्खं देवघर कोरून ठेवलं होतं.

मला या रस्त्याचं सगळं मर्म इथेच सापडतं. माउंट रोड हा लंडनच्या बाँड स्ट्रीटचा मद्रासी नमुना, असं पुष्कळदा म्हटलं जातं. दुकानांची नावं आणि काचेच्या खिडक्या पाहिल्या तर तसं वाटणं साहजिक आहे. पण या शहराच्या मुळाशीच विणकर बसलेला आहे, आणि इथे चैनीची पेठ कितीही वेळा नव्याने मांडली गेली तरी तो मागच्या दाराने आत येतोच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने १६३९ मध्ये चोलमंडळाच्या किनाऱ्यावरची ही वाळूची पट्टी मिळवली. इथे ना बंदर होतं ना खाडी. जहाजं समुद्रात दूर नांगरून माल पडावांतून लाटांवर आदळत किनाऱ्यावर आणावा लागे. अशी अडचणीची जागा का निवडली? डे याचं कारण सरळ होतं: इथलं कापड उत्तम आणि दुसरीकडच्यापेक्षा वीस टक्के स्वस्त. बस्स. फोर्ट सेंट जॉर्ज बांधला गेला तो कापडाच्या गाठी राखायला. आणि कापड तरी कसं! पक्क्या रंगांचं, धुतलं तरी उजळ राहणारं. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बायका त्याच्यासाठी इतक्या वेड्या झाल्या की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले आणि हिंदुस्थानी छिटाचे झगे घातलेल्या बायकांचे कपडे भर रस्त्यात फाडू लागले. पार्लमेंटने आधी १७०० साली छापील आणि रंगीत कापडाच्या आयातीवर बंदी घातली होती. तेवढ्याने भागेना, म्हणून १७२१ मध्ये ते अंगावर घालायलाही मनाई करणारा कायदा आला. एखाद्या देशाला फॅशन कायद्याने थांबवावी लागते, याहून मोठी पावती विणकराला कुठली हवी?

इकडे मद्रासमध्ये कंपनीला विणकर पुरत नव्हते. १७३४ मध्ये गव्हर्नर मॉर्टन पिट यांनी कूवम नदीच्या वळणात, सुंकुराम चेट्टींच्या बागेच्या जागेवर, कातणाऱ्या-विणणाऱ्यांसाठी एक वसाहत वसवली. तीच चिंताद्रिपेट. तिच्या कडेने फोर्टातून सेंट थॉमस माउंटच्या टेकडीकडे एक रस्ता जात होता, साधारण पंधरा किलोमीटरचा. तोच माउंट रोड. पुढे ज्या रस्त्यावर लँकेशायरचं कापड आणि पॅरिसच्या टोप्या काचेआड मांडल्या गेल्या, त्याच्या अगदी शेजारच्या आळीत मागांचे खटके चालू होते. नकाशा उघडून पाहा. आजही या दोन जागा एकमेकींना खेटून आहेत.

दुकानं याच रस्त्यावर का आली, याचं उत्तर घरांत आहे. अठराव्या शतकात फ्रेंचांची आणि हैदरअलीची धास्ती होती तोवर गोरे लोक तटाच्या आत दाटीने राहत. ती धास्ती ओसरली तसे ते बाहेर पडले आणि माउंट रोडच्या दोन्ही अंगांना ऐसपैस बागबंगले बांधू लागले. एकेका बंगल्याभोवती एकरच्या एकर आवार. सकाळी कचेरीला फोर्टात जायचं आणि संध्याकाळी परतायचं ते याच वाटेने. जुना व्यापार ब्रॉडवेवर आणि किनाऱ्यालगत होता. गल्ल्या अरुंद, बग्गी उभी करायला जागा नाही. हुशार दुकानदारांनी पाहिलं की पैसेवाला रोज दोनदा कुठून जातो, आणि तिथेच जागा घेतल्या. म्हणून माउंट रोडची जुनी दुकानं आपल्या लक्ष्मी रोडसारखी रस्त्याला चिकटलेली नव्हती. ती बंगल्यांसारखीच होती: पुढे आवार, बग्गी वळवायला जागा, वर छप्पर असलेली पोर्च, मग दरवाजा. खरेदीला पायी येणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता.

बग्गीसुद्धा याच रस्त्यावर मिळे. सिम्प्सन कंपनी १८४० पासून गाड्या बांधत होती, आणि १९०३ मध्ये तिथेच सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी हिंदुस्थानातली पहिली वाफेवर चालणारी मोटार बनवली. पुस्तकांसाठी १८४४ पासूनचं हिगिनबॉथम्स, वाद्यांसाठी म्युझे म्युझिकल, औषधांसाठी डब्ल्यू. ई. स्मिथ. आणि या सगळ्यांच्या वर स्पेन्सर.

स्पेन्सरची सुरुवात १८६३ च्या सुमाराला चार्ल्स ड्युरंट आणि जे. डब्ल्यू. स्पेन्सर यांच्या लहानशा दुकानाने झाली. त्याला मोठं केलं ते यूजीन ओकशॉट यांनी. हे आधी तिथेच नोकरीला होते. १८८२ मध्ये त्यांनी धंदाच विकत घेतला आणि १८९५ मध्ये लाल विटांची, कमानींची, मनोऱ्यांची मोठी इमारत उभी केली. डब्ल्यू. एन. पॉग्सन यांनी आखलेली ही इमारत इंडो-सारासेनिक धाटणीची होती. आत ऐंशीहून जास्त विभाग. दारू, चीज, हॅम, शिकारीच्या बंदुका, टोप्या, फर्निचर, सोडावॉटर, दिंडिगलच्या तंबाखूचे चिरूट. शेजारचं कॉनेमारा हॉटेल ओकशॉट यांचंच, आणि दक्षिणेच्या आगगाड्यांवरची खानपानगृहंही स्पेन्सरच्या हाती. मुंबईहून दक्षिणेत गेलेला प्रवासी रात्रीच्या गाडीत जो सूप-कटलेटचा घास खाई, त्याच्यामागेही बऱ्याचदा माउंट रोडचं हे दुकान असे. विसाव्या शतकाच्या तोंडावर एका छपराखाली एवढा पसारा हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी होता. त्याच १८९५ साली मद्रासमध्ये विजेची ट्राम सुरू झाली, देशातली पहिली, आणि बग्गी नसलेल्यांनाही ही दुकानं निदान बाहेरून पाहता येऊ लागली.

पण माझं लक्ष वेधून घेतं ते व्हाइटअवे लेडलॉ. रॉबर्ट लेडलॉ यांनी १८८२ मध्ये कलकत्त्याला ही पेढी काढली आणि तिच्या शाखा रंगून-सिंगापूरपर्यंत पसरल्या. इतर बडी दुकानं साहेबांना उधारीवर माल देत. चिठ्ठीवर सही केली की झालं, पैसे पगार झाल्यावर. व्हाइटअवेने उधारी बंद ठेवली. रोख मोजा आणि न्या. म्हणून लोकांनी दुकानाचं नाव ‘राइट अवे अँड पेड फॉर’ असं पाडलं होतं. रोखीमुळे भाव उतरले, आणि रेल्वेतला गार्ड, कचेरीतला अँग्लो-इंडियन कारकून, नुकता विलायतेहून आलेला कनिष्ठ अंमलदार यांनाही तयार कपडे आणि बूट परवडू लागले. चैन थोडी खाली उतरली. हा मोठा बदल होता.

आणि मग त्या इमारतींचं काय झालं पाहा. माउंट रोडवरची व्हाइटअवेची वास्तू ‘स्वदेशमित्रन्’ या तमिळ दैनिकाकडे गेली. जी. सुब्रमण्य अय्यर यांनी सुरू केलेलं, स्वदेशीचा आणि स्वातंत्र्याचा कैवार घेणारं हे पत्र. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवर त्याच कंपनीची शाखा होती. तिथे १९४६ मध्ये खादी भांडार आलं. फोर्टातल्या खादी भांडारात लाकडी कपाटांतून झब्ब्याचं कापड निवडलेले पुष्कळ मराठी वाचक असतील. ज्या दोन दुकानांतून विलायती तयार कपडा खपला, त्यांतलं एक स्वदेशी पत्राचं घर झालं आणि दुसरं खादीचं. इतका नेमका काव्यगत न्याय इतिहास क्वचितच करतो.

स्वातंत्र्यानंतर माउंट रोडचं जुनं गिऱ्हाईक बोटीने निघून गेलं. १९५९ मध्ये तिथे एलआयसीची चौदा मजली इमारत झाली, त्या वेळी देशातली सर्वांत उंच. मुख्यमंत्री अण्णादुराई १९६९ मध्ये वारले आणि पुढे रस्त्याला त्यांचं नाव लागलं: अण्णा सलाई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेन्सरची लाल इमारत आगीत गेली. त्या जागी आलेला स्पेन्सर प्लाझा हा देशातल्या पहिल्या मॉलपैकी एक. काही वर्षं तो गजबजला, मग नव्या मॉलनी त्याला मागे टाकलं.

दरम्यान खरी पेठ दक्षिणेकडे सरकली होती. १९२० च्या दशकात लाँग टँक नावाचा जुना तलाव बुजवून सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने नवं नगर वसवलं गेलं, तेच आजचं टी. नगर. तिथे १९२८ मध्ये कांचीपुरमच्या विणकर घराण्यातल्या नल्ली चिन्नसामी चेट्टी यांनी रेशमी साड्यांचं छोटं दुकान मांडलं. आज पानगल पार्कभोवती नल्ली, कुमारन, पोथीज, आरएमकेव्ही अशी रेशमाची आणि सोन्याची दुकानं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. माउंट रोडवर बग्गीशिवाय मान नव्हता. इथे आजी, आई, मुलगी, होणारी सासू असा सगळा गोतावळा लोकलने मांबलम स्टेशनावर उतरतो, रंगनाथन स्ट्रीटच्या रेट्यातून वाट काढतो आणि लाखाची साडी पसंत करतो. चैनीची पेठ आणि सगळ्यांची पेठ एकच असू शकते, हे टी. नगरने करून दाखवलं. मला तरी हा माउंट रोडवर मिळवलेला विजय वाटतो.

त्या साडीकडे जरा जवळून बघू या. खऱ्या कांजीवरमचं, म्हणजे कांचीपुरमच्या रेशमी साडीचं, अंग एका रंगाचं आणि काठ दुसऱ्या रंगाचा असतो, आणि काठाचा रंग अंगात डोकावत नाही. हे साधायला आडव्या धाग्याचे तीन धोटे लागतात: एक अंगासाठी, दोन दोन्ही काठांसाठी. एकट्या विणकराला हे झेपत नाही. मागावर दुसऱ्या बाजूला मदतनीस बसतो. अंगाचा धोटा काठापर्यंत जातो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच मागे फिरतो. प्रत्येक ओळीत हीच गाठभेट. याला कोरवै म्हणतात. काठावर करवतीच्या दात्यांसारखी जी देवळाच्या शिखरांची रांग दिसते, ती याच जोडावर बसते. पदर वेगळ्या रंगाचा हवा असेल तर आणखी कठीण: अंगाच्या हजारो उभ्या धाग्यांना पदराचे धागे एकेक करून जोडायचे. ते पेटनी. साडी उलटी करून पदर सुरू होतो तिथे बोट फिरवा. एक बारीक उंचवटा लागेल. तोच तो जोड. येवल्याच्या पैठणीची कडियल किनार ज्यांनी निरखली आहे त्यांना या दोन मागांमधलं नातं लगेच उमगेल.

मद्रासचं साधं सुती कापडही गप्प बसलं नाही. १९५८ मध्ये कॅप्टन कृष्णन नायर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सला इथल्या चौकटीच्या कापडाचा माल पुरवला. थंड पाण्यात धुवा, अशी सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाही. शर्ट धुतले, रंग एकमेकांत उतरले आणि तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा जाहिरातीतून सांगण्यात आलं की हे कापड धुण्यागणिक रंग बदलतं आणि हीच त्याची खासियत. ‘ब्लीडिंग मद्रास’ अमेरिकी कॉलेजांत बघता बघता मिरवू लागलं. एकेकाळी न उतरणाऱ्या रंगासाठी लंडनमध्ये कपडे फाडले गेले होते. आता उतरणाऱ्या रंगासाठी न्यूयॉर्कमध्ये रांगा. याच नायर यांनी पुढे मुंबईत लीला हॉटेल काढलं.

आजच्या चेन्नईत बड्या ब्रँडांची गल्ली विचारली तर नुंगंबाक्कमचा खादर नवाज खान रोड दाखवतात. नुंगंबाक्कम हाय रोडवरून आत वळलं की झाडांची सावली लागते आणि गोंगाट कमी होतो. जुन्या बंगल्यांच्या आवारांत आता डिझायनरांची दालनं, परदेशी नावांच्या काचा, कॉफीची ठिकाणं. गाडी आवारात घ्यायची, पोर्चखाली उतरायचं. माउंट रोडचा तोच जुना शिरस्ता, फक्त घोडे नाहीत. आणि आतल्या हँगरवर, इटालियन शिवणीच्या जॅकेटशेजारी, कांजीवरमच्या काठाचा ड्रेस किंवा मद्रासी चौकटीचा शर्ट पुष्कळदा असतोच.

या गल्लीपेक्षा मला काळजी आहे ती अण्णा सलाईची. मेट्रोच्या कामात ऑर यांच्या वास्तूचा मागचा भाग पाडला गेला. डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १८९७ मध्ये बांधलेली इमारत, जिला पुढे भारत इन्शुरन्स बिल्डिंग म्हणू लागले, ती २००६ मध्ये पाडायला घेतली होती. जुन्या वास्तू जपणारी इन्टॅक ही संस्था कोर्टात गेली म्हणून पाडकाम थांबलं. कांचीपुरमच्या साडीखरेदीला चेन्नईत जाणारी मराठी माणसं कमी नाहीत. टी. नगरची खरेदी उरकली की एक सकाळ राखून ठेवा, मेट्रोने एलआयसी स्टेशनला उतरा आणि उन्हं चढायच्या आत अण्णा सलाईवर पायी हिंडा. ऑर यांचं घड्याळ पाहा, हिगिनबॉथम्समध्ये जाऊन एखादं पुस्तक घ्या. बघायला, विचारायला, विकत घ्यायला माणसं आत येत राहिली, तरच अशा इमारतींना उभं राहायला कारण उरतं.